ताओ मत हे तत्त्वज्ञान आहे की धर्म? नवख्याने सुरुवात कुठून करावी?

दोन्ही आहे. अनेकांना वाटतं की मुळात हे शुद्ध तत्त्वज्ञान होतं आणि देवदेवता, मंत्रतंत्र त्यात मागून शिरले. ही समजूत आधी बाजूला ठेवा. चिनीत विचारपरंपरेला ताओजिया आणि धर्माला ताओजियाओ असे वेगळे शब्द आहेत खरे, पण दोन्हीकडचा मुख्य ग्रंथ एकच: लाओत्सू या प्राचीन चिनी विचारवंताच्या नावावरचा ‘ताओ ते चिंग’.

ताओ म्हणजे वाट. सातव्या शतकात चीनच्या तांग घराण्यातल्या सम्राटाने कामरूपच्या (आजच्या आसामच्या) राजासाठी हा ग्रंथ संस्कृतात उतरवायला सांगितला, तेव्हा ताओपंडितांना ‘बोधि’ हा शब्द हवा होता आणि बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग ‘मार्ग’वर अडून बसला. (पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला तोच हा.) मला त्याचं म्हणणं पटतं. आपण मराठी वाचक ताओच्या जागी नकळत ‘ब्रह्म’ ठेवतो आणि मग मायाही मागोमाग येते. ताओ मतात जग खोटं नाही. पाणी, ऋतू, शरीर सगळं खरं आहे, आणि त्यांच्या चालीशी आपली चाल जुळवायची आहे.

दुसरा घोळ ‘वू-वेइ’चा. शब्दशः अर्थ ‘न करणे’, म्हणून लोक त्याला आळस किंवा नशिबावर हवाला समजतात. ‘च्वांगत्सू’ या दुसऱ्या ताओ ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात बैल कापणारा एक आचारी आहे. त्याचा सुरा 19 वर्षं वापरूनही नव्यासारखा धारदार, कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातल्या फटीतून पातं नेतो. अवघड गाठ आली की हात सावकाश करतो. वू-वेइ ते हे: रचना ओळखली की जोर लावावा लागत नाही. निष्काम कर्माशी याची सांगड घालू नका. तिथे फळाची आसक्ती सोडायची असते, इथे जबरदस्ती.

आता धर्म. परंपरेप्रमाणे इ.स. 142 मध्ये सिच्वानात झांग ताओलिंगला देवरूप लाओत्सूचं दर्शन झालं आणि ‘स्वर्गीय गुरूं’चा पंथ सुरू झाला. अनुयायी पाच मापं तांदूळ देत, त्यावरूनच पंथाला लोक ओळखत. आजार हा दोषांचा परिणाम मानत. रोग्याने एकांतात बसून आपल्या चुका आठवायच्या, मग कबुलीच्या तीन प्रती काढायच्या: आकाशासाठीची डोंगरावर ठेवायची, पृथ्वीसाठीची पुरायची, जलासाठीची पाण्यात सोडायची. रक्तबळी बंद होते. आणि हेच लोक सामुदायिक पठण कशाचं करत? ‘ताओ ते चिंग’चं. तत्त्वज्ञान एकीकडे आणि कर्मकांड दुसरीकडे अशी वाटणी इथेच कोसळते.

आज मुख्य शाखा दोन. झेंगयी शाखेचे पुरोहित संसारी असतात, घरी राहून विधी करतात. बाराव्या शतकात वांग चोंगयांगने सुरू केलेल्या च्वानझेन शाखेचे साधू मठात राहतात, ब्रह्मचारी आणि शाकाहारी असतात. अमरत्वासाठी पूर्वी हिंगूळ-पाऱ्याची रसायनं घेत, आणि तांग काळात काही सम्राटांचे जीवही त्यापायी गेले असं मानतात. पुढे ‘अंतर्रसायना’वर भर आला, म्हणजे शरीर हीच मूस, आणि श्वास व ध्यान हा अग्नी.

तैवानच्या देवळांत कौल लावण्याची पद्धत कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. प्रश्न मनात धरून ते खाली टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्न नीट मांडलेला नाही. मोठ्या गोष्टीसाठी लागोपाठ तीन होकार लागतात.

‘ताओ ते चिंग’ वाचायचं असेल तर पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका, तेच सर्वांत निसरडं आहे. प्रकरणं 81, चिनी अक्षरं सुमारे 5000, त्यामुळे एका बैठकीत संपवायचा मोह होतो आणि हाती सुभाषितांपलीकडे काही लागत नाही. आधी 11वं घ्या: चाकाच्या तीस आऱ्या, मातीचं भांडं, घराची दारं-खिडक्या, आणि या तिन्हींत उपयोगी पडते ती पोकळी. मग पाण्यावरचं 8वं, राज्यकर्त्यावरचं 17वं. दोन भाषांतरं शेजारी ठेवा, कारण प्राचीन चिनीत काळ, वचन, अनेकदा कर्ताही दिसत नाही, ते भाषांतरकार स्वतः भरतो. प्रकरणांचा क्रमही पक्का नाही: 1973 मध्ये चीनमधल्या मावांगत्वे इथल्या थडग्यात सापडलेल्या रेशमी हस्तलिखितांत तर 38 ते 81 हा भाग आधी आहे. त्यानंतर ‘च्वांगत्सू’. त्याची 33 प्रकरणं आहेत, पहिली सात सर्वांत जुनी मानतात. तेवढी सावकाश वाचा, बाकीची नंतर.