हात वर गेला, मत खिशातच राहिलं

"मॅडम, चारचौघांत माझं तोंडच उघडत नाही." समुपदेशक म्हणून महिन्यातून तीन-चारदा तरी हे ऐकते. पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, "मी बुळा आहे का?"

पन्नाशीचे एक गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सोसायटीच्या सभेत लग्न न झालेल्या मुलांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही, असा ठराव आला. यांनीही हात वर केला. "आणि माझाच पोरगा हैदराबादेत असा राहतो, मॅडम! रात्रभर डोळा लागला नाही."

भावनेमागचा विचार सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. पहिल्या दोन भेटींत मी भीतीच उकरत बसले. ती फारशी निघेना. तिसऱ्या वेळी विचारलं, "हात वर करताना ठराव चुकीचा वाटत होता, की आपलंच चुकतंय असं वाटलं?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "एवढी माणसं एका बाजूला, म्हणजे मलाच काहीतरी कळत नसणार."

गाठ इथे होती. शंका जिभेवर नव्हती, स्वतःच्या नजरेवर होती. याला 'धीट व्हा' सांगून काय उपयोग?

मग त्यांना मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा प्रयोग सांगितला. अमेरिका, १९५१ च्या सुमाराचा. नमुन्याएवढी रेष तीन रेषांतून ओळखायची, पोरखेळ. पण खोलीत खरा परीक्षार्थी एकच, बाकीचे आधी ठरवून चुकीचं उत्तर देणारे. अशा परीक्षार्थींपैकी चारांतले तिघं एकदा तरी त्यांच्यामागे गेले. काहींना हसं होईल असं वाटलं, काहींना खरंच आपली नजर चुकतेय असं. मात्र एकजण जरी खरं बोलला, तरी चुका झपाट्याने कमी होत. उत्तर कागदावर लिहायचं असलं, तरीही.

"म्हणजे चारांत तीन बुळे?" ते पहिल्यांदा हसले.

मी दोन कामं दिली, आणि तुम्हालाही तीच देईन. सभेला जाण्याआधी, कुणाचं काही ऐकण्याआधी, आपलं मत चिठ्ठीवर लिहा. आणि एका शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या. एकाशीच, गट बांधायचा नाही.

पुढच्या सभेत ते उभे राहिले. आवाज कापत होता म्हणे. "मागच्या ठरावावर मला पुन्हा बोलायचंय." दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाई लगेच म्हणाल्या, "मीही तेव्हा उगाचच हात वर केला होता."

ठराव रद्द झाला नाही, फेरविचाराला गेला. त्यांनी मला चिठ्ठी दाखवली. चार घड्या घातलेली, घामाने शाई पसरलेली. उघडायची वेळच आली नव्हती.