गेम थिअरी म्हणजे नक्की काय? सुरुवात कशी करावी आणि रोजच्या आयुष्यात उपयोग होतो का?

माझ्या निर्णयातून मला काय मिळणार हे तुमच्या निर्णयावर अवलंबून असेल आणि तुमचं माझ्यावर, तर तो गेम. न्यूमन-मॉर्गनस्टर्नचं पुस्तक १९४४ चं, नॅशचा समतोल (एकट्याने निर्णय बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) १९५० चा, हे कुठेही सापडेल. मी लिहितेय ते वेगळ्याच कारणाने.

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट आम्हा दोघांचं, मार्क दोघांना सारखेच. पार्टनरने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की मला वेळ होणार नाही, आणि मी भांडायला गेले तर म्हणे हा प्रिझनर्स डिलेमा आहे, यात दगा देणंच रॅशनल, गेम थिअरी वाच जरा. तेव्हा मला त्यातलं काही येत नव्हतं म्हणून गप्प बसले आणि तीन महिने रात्री जागून सगळा कोड एकटीने लिहिला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, तो साफ चुकीचं बोलत होता. प्रिझनर्स डिलेमात समोरचा काहीही करो, दगा देणंच फायद्याचं पडतं. आमचं तसं नव्हतंच, मीही हात वर केले असते तर दोघंही नापास, म्हणजे मी खरंच करणार नाही अशी त्याची खात्री पटली असती तर त्याला झक मारत बसावं लागलं असतं. हा चिकनचा गेम, दोन गाड्या समोरासमोर सुसाट येतात आणि जो आधी वळतो तो हरला. यात ठाम निवडींचे समतोल दोन, मी राबते तो बसतो, नाहीतर तो राबतो मी बसते. कुठला होणार ते आधी कोण स्वतःला बांधून घेतं, म्हणजे आता मागे फिरणार नाही हे दाखवून देतं, त्यावर ठरतं, आणि ते त्याने पहिल्याच आठवड्यात केलं. स्वतःचे पर्याय कमी करून ताकद कशी वाढते हे थॉमस शेलिंगने मांडलंय, २००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल आहे त्याला.

आणि प्रिझनर्स डिलेमा असता तरी काय? १९५० मध्ये फ्लड आणि ड्रेशर या गणितज्ञांनी तोच गेम दोघा जणांना सलग १०० वेळा खेळायला लावला, त्यात ६० वेळा दोघांनीही सहकार्य केलं. त्याच माणसाशी पुन्हा पुन्हा गाठ पडणार असेल तर हिशोब बदलतो.

हां, एक राहिलं, दोघांनीही स्वतःला बांधून घेतलं तर टक्कर अटळ, त्यामुळे हे वाटेल तिथे वापरू नका.

सुरुवात दोन बाय दोनच्या तक्त्यापासून करा: ओळींत माझे दोन पर्याय, रकान्यांत समोरच्याचे दोन, आणि प्रत्येक चौकोनात दोघांना काय मिळतं ते. आणि कोणी गेमचं नाव तोंडावर फेकलं तर चारही चौकोनांतले आकडे लिहायला लावा. मी त्याला लावले असते तर दोघंही बसून राहतात त्या शेवटच्या चौकोनात दोघांचं नापास त्यालाच स्वतःच्या हाताने लिहावं लागलं असतं.