छापायच्या आधी वाचून दाखव

प्रिय मुली,

सलाम. रवांडाला जायचं नक्की झालं, चर्चच्या मंडळीनं तिकिटाला हातभार लावला, अनाथांच्या जीवनकथा गोळा करून मराठीत पुस्तक करायचं, हे सगळं तू चार ओळींत उरकलंस. उरलेली दोन पानं एकाच जागी अडून बसलीस: "बाई, मी त्यांना विचारू तरी कसं? आणि नाही विचारलं तर लिहू काय?"

हिंमत धर, प्रभू सोबत आहे, वगैरे मी लिहिणार नाही. ते पाळकसाहेब सांगतील, आणि तुला ते ठाऊकही आहे. मी एकच गोष्ट सांगणार आहे. लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखव. तो खोड म्हणेल ते खोड. मग छाप.

मी 'माणसाला' म्हटलं. तू पत्रभर 'लेकरं, लेकरं' लिहिलं आहेस. ७ एप्रिल १९९४ ला सुरू झालेला तिथल्या तुत्सी समाजाचा संहार शंभरेक दिवस चालला, आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यात आईबाप गेलेली मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत. तुझ्याहून मोठी आहेत गं ती! १९९६ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या अशाच मुलांनी एईआरजी नावाची संघटना काढली. आपापसांत कुटुंबं केली, आणि आपल्यातल्याच एकाला बाप, एकीला आई निवडलं. वर्गातली पोरगी वर्गातल्याच पोरांची आई. शाळा, आजारपण, लग्न, सगळं त्या आईबापांनी बघायचं. अशा लोकांच्या डोक्यावरून हात फिरवायला तू जात असशील तर तिकीट रद्द कर. अनाथाश्रमातल्या रांगेत उभी केलेली मुलं तुला हवी असतील तर तीही फारशी मिळायची नाहीत. २०१२ पासून तिथलं सरकार आश्रम बंद करून मुलांना घरांत पाठवत आलंय.

आणि तू ख्रिस्ती आहेस याचं तिथं सगळ्यांना कौतुक असेल असं धरून चालू नकोस. न्यामाता आणि न्तारामा इथली चर्च आज स्मारकं आहेत. देवळात कुणी मारणार नाही म्हणून लोक आत शिरले आणि आतच मारले गेले. त्यांचे कपडे तिथं जपून ठेवलेत. न्यांगेचं चर्च तर आतल्या माणसांसकट बुलडोझर घालून पाडलं, आणि त्या कामात सामील असलेल्या तिथल्या धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं जन्मठेप दिली. चर्चच्या आणि तिच्या लोकांच्या पापांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी देवाकडे क्षमा मागितली ती २०१७ मध्ये. आता तुझ्या मंडळीला काय हवंय ते मला माहीत आहे. साक्ष हवी. आधी अंधार, मग प्रभू भेटला, मग आनंदाश्रू, शेवटी आभार. तिथं एखादी बाई तुला सांगेल, मी त्या दिवसानंतर चर्चची पायरी चढले नाही. तेही लिहायचं. तिच्या शब्दांत लिहायचं, तिला वाचून दाखवायचं, आणि मंडळीला रुचलं नाही तर मंडळीची समजूत मी काढीन.

मी एवढी हट्टी का, ते सांगते. १९०० च्या दुष्काळात माझी पणजी मिशनच्या हाती लागली. तिला जगवलं, शिकवलं, म्हणून आम्ही आहोत. ते ऋण मी नाकारत नाही. पण तेव्हा अशा मुलींचे फोटो अमेरिकेला जायचे, त्यावर देणग्या यायच्या. तिचाही गेला. घरात त्याची एक प्रत आहे, खाली इंग्रजीत दोन ओळी. त्यात तिचं रूथ हे नाव आहे, ती किती हाडकुळी होती ते आहे, कुणी वाचवलं ते आहे. रूथ व्हायच्या आधी तिला घरी काय हाक मारायचे, ते आमच्यापैकी कुणालाही माहीत नाही. त्या दोन ओळी कुणी तिला मराठीत वाचून दाखवल्या असत्या, तर ती म्हणाली असती, "साहेब, माझं नाव राहिलं." एवढंच लागलं असतं.

पुढं किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. त्यानंतर काही काळ मी तिकडच्या मुलांना शिकवत होते. गाडी येऊन थांबली, कॅमेरा बाहेर निघाला, की एक पोरगा आपण होऊन पुढं यायचा आणि पाढे म्हटल्यासारखं सुरू व्हायचा: आई कुठं झोपली होती, भिंत कोणत्या बाजूनं आली, हात कसा दिसला. पाहुणे रडायचे. तो रडायचा नाही. पाहुण्यांना काय लागतं ते त्याला कळलं होतं. तुलाही तिथं पहिल्या बैठकीत हेच मिळणार आहे, तयार झालेली कथा. वाचून दाखवशील तेव्हा तो माणूस म्हणेल, "नाही, हे असं नव्हतं," आणि खरं बोलणं तिथून सुरू होईल.

त्या मुलांवर मी लिहिलं. मोठी झाल्यावर एकेकाला गाठून वाचून दाखवलं. एकीनं सासरी माहीत नाही म्हणून अख्खं प्रकरण काढायला लावलं; ते सगळ्यांत चांगलं उतरलं होतं. काढलं. प्रकाशक वैतागले, पुस्तक वहीएवढं बारीक झालं. आणि त्या पाढेवाल्या पोराचा पत्ताच लागला नाही. ऊसतोडीला गेला म्हणतात, कुणी म्हणतं पुण्यात आहे. त्याची पानं माझ्या ट्रंकेत आहेत. "बाई, तो कशाला वाचायला येतोय, द्या की छापून," असं सांगणारे फार भेटले. नाही दिली. वाईट वाटतं, रात्री जास्तच वाटतं, पण नाही दिली, देणारही नाही. हिनं आयुष्यात एक पुस्तक काढलं आणि तेही अर्धं, असं आमच्याकडच्या साहित्यिकांत म्हणतात. म्हणू देत. त्यांतल्या किती जणांनी आपली पानं त्या-त्या माणसाच्या तोंडावर वाचली आहेत, विचारून बघ.

तुझ्या बाबतीत तर भीती जास्त आहे. तू लिहिणार मराठीत. किगालीतला माणूस ते कधी वाचणार? तू काहीही लिही, त्याला कळायचं नाही. म्हणूनच तुला हे जास्त लागू आहे. असं कर: प्रत्येक कथेचा इंग्रजीत गोषवारा काढ, सुशोभित न करता, आणि दुभाष्याकडून तो किन्यारवांडात, त्यांच्या भाषेत, वाचून घे. मुलाखतीचा दुभाष्या एक, वाचनाचा दुसरा. पहिला आपलंच झाकायला बघेल. यासाठी शेवटचा आठवडा पूर्ण मोकळा ठेव. तू पाठवलेल्या कार्यक्रमात शेवटचे दिवस गोरिला बघायला आहेत. ते काढ.

राहिला तुझा प्रश्न, विचारू कसं. मरणाबद्दल विचारूच नकोस. त्यांना वाटलं तर ते सांगतील. पहिला स्वयंपाक कुणी केला, काय करपलं, शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही कुणाची, आजारी पडल्यावर रात्री कोण जागलं, हे विचार. एवढ्यात पुस्तक होतं.

बदल्यात काय द्यायचं, फोटो किती, हे भेटीत बोलू. निघायच्या आधी जालन्याला ये, ठरलेल्या कार्यक्रमाचा कागद घेऊन ये. परतीचं तिकीट पुढं ढकलायला पैसे कमी पडले तर मंडळीकडे मागू नकोस. त्यांनी दिले की ते साक्ष मागतील. माझ्याकडे माग.

तुझी,
बाई