दिवाणखान्यातील टीव्हीवर संगणकाचे गेम खेळण्यापूर्वी

संगणकाचे गेम खेळण्यासाठी तुम्ही नवा टीव्ही घेण्याचा विचार करत असाल, तर माझी विनंती आहे की आधी घरातल्याच टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ सुरू करून पाहावा. चित्र गुळगुळीत दिसावे म्हणून टीव्ही येणाऱ्या फ्रेम (एकामागून एक येणारी स्थिर चित्रे) थोडा वेळ रोखून त्यांच्यावर प्रक्रिया करतो. चित्रपट पाहताना ते जाणवत नाही, पण गेममध्ये बटण दाबल्यानंतर पात्र उशिरा हलते आणि नवखा खेळाडू विनाकारण स्वतःच्या हाताला दोष देतो. गेम मोडमुळे ही प्रक्रिया बरीचशी टळते.

एचडीएमआय केबल, म्हणजे संगणकाचे चित्र आणि आवाज टीव्हीपर्यंत नेणारी तार, ग्राफिक्स कार्डाच्याच (गेमचे चित्र तयार करणाऱ्या भागाच्या) पोर्टला जोडावी; ती मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पाटीच्या) पोर्टला जोडण्याची चूक फार जणांकडून होते. फोर-के, म्हणजे अतिशय बारकाईचे चित्र ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा बदलणारे) हवे असल्यास एचडीएमआयची २.० ही आवृत्ती पुरेशी आहे. १२० हर्ट्झसाठी मात्र टीव्ही आणि कार्ड दोन्हींकडे २.१ असणे चांगले.

संगणक दुसऱ्या खोलीत असल्यास स्टीम (संगणकावर गेम विकत घेण्याचे आणि खेळण्याचे सॉफ्टवेअर) याचे ‘स्टीम लिंक’ ॲप वापरता येते; ते संगणकावर चालणारा गेम घरातल्या नेटवर्कवरून टीव्हीवर दाखवते, मात्र निदान संगणक तरी राउटरला तारेने जोडावा. अक्षरे लहान वाटल्यास स्टीमचा ‘बिग पिक्चर’ मोड लावावा. तो सोफ्यावरून, कंट्रोलर हातात धरून वापरण्यासाठीच बनवलेला आहे.