प्रायॉरिटी बदलत नाही, म्हणून एमपीएससी?

प्रश्न : कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.१. मिनी प्रोजेक्टमध्ये सी++ थ्रेडचं (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाचं) नेटिव्ह_हँडल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडची त्याची ओळख, घेऊन प्रायॉरिटी वाढवते. लॅबच्या लिनक्सवर काहीच फरक पडत नाही. घरी व्हिज्युअल स्टुडिओत तोच कोड कंपाइलही होत नाही. बाबा म्हणतात, "दोन महिन्यांत एक प्रोग्राम चालेना, हे तुझं काम नाही. एमपीएससीला लाग." काय करू?

उत्तर : सीजीपीए ठीक आहे. मला खटकलं ते बाबांचं वाक्य. दोन महिने अडलेल्या एका प्रोग्रामवरून त्यांनी तुझ्या कुवतीचा निकाल लावून टाकला. हे अन्यायाचं आहे, आणि हे उत्तर त्यांनाही वाचायला दे. पण प्रोग्राम का अडला, हे तूही शोधलेलं दिसत नाहीस.

लिनक्सवर थ्रेडची प्रायॉरिटी बदलणारं पीथ्रेड_सेटशेडपॅराम काय परत करतं, ते छापून बघ. हे फंक्शन फसलं तर -१ देत नाही, एररनो या एरर नोंदवणाऱ्या व्हेरिएबलमध्येही काही ठेवत नाही. एररचा आकडा थेट परत करतं. त्यामुळे -१ शी तुलना केलीस तर चूक कधीच दिसणार नाही. १ आला तर ईपर्म, म्हणजे साध्या युजरला शेड_फिफो या रिअल-टाइम पद्धतीची परवानगी नाही. अ‍ॅडमिनकडून लिमिट्स.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये तुझ्या युजरचं आरटीप्रायो (रिअल-टाइम प्रायॉरिटीची मर्यादा) वाढवून घे आणि पुन्हा लॉगइन कर. २२ आला तर ईइन्व्हॅल, म्हणजे दिलेली किंमत चालत नाही. बहुधा शेड_अदर ही नेहमीची पद्धत ठेवून प्रायॉरिटी १० दिली असशील, तिथे फक्त ० चालतो. शिवाय हँडल जॉइन (थ्रेड संपायची वाट बघणं) किंवा डिटॅच (तो सुटा सोडणं) करायच्या आधीच घ्यायचं. नंतर त्या थ्रेड ऑब्जेक्टकडे थ्रेडच उरत नाही.

आता तुझा गैरसमज. स्टँडर्ड लायब्ररीतलं आहे म्हणजे सगळीकडे सारखं, असं तू धरून चाललीस. थ्रेड सी++ च्या २०११ च्या मानकात आला, पण नेटिव्ह_हँडल असावं की नाही आणि त्यातून काय मिळावं, हे मानकानं लायब्ररी बनवणाऱ्यांवरच सोडलंय. लिनक्सवर पीथ्रेड_टी (तिथली थ्रेडची ओळख) मिळतो, व्हिज्युअल स्टुडिओत विंडोजचं हँडल. तिथे सेटथ्रेडप्रायॉरिटी वापरावं लागतं. इफडेफ (कंपाइल करताना कोडचा भाग निवडणारी सूचना) घालून लिनक्स आणि विंडोजसाठी दोन वाटा कर.

गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) द्यायची तर दे, ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय तिथे आहेच. एमपीएससी मात्र प्रशासनाची ओढ असेल तरच. प्रोग्राम अडला म्हणून नव्हे. तुझा ओढा सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगकडे दिसतो आणि पुण्यात वाहनांच्या एम्बेडेड (यंत्रातच बसवलेल्या) सॉफ्टवेअरमध्ये नेमकं असंच काम असतं. परीक्षेचा निर्णय महिनाभर बाजूला ठेव. आज रात्री तो आकडा छाप आणि बाबांना शेजारी बसवून त्याचा अर्थ सांग.