लातूरचे घर विकून समुद्राकाठी जावे का? पणजी की रत्नागिरी?

नमस्कार गुरुजी,

आधी तातडीचे सांगतो. महिनाअखेरीस ताळगावच्या फ्लॅटसाठी दोन लाखांचा इसार द्यायचा असे तुम्ही लिहिले आहे. तो देऊ नका. एजंट म्हणेल गिऱ्हाईक दारात उभे आहे, तरी देऊ नका. कारण पुढे येईलच.

इतर वाचकांसाठी गुरुजींचा प्रश्न थोडक्यात असा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त, आता साठ पूर्ण. पेन्शन महिना ३८,००० रुपये. निवृत्तीचे ३४ लाख बँकेत पडून आहेत. लातुरात औसा रोडला दुमजली घर, त्याला ६५ लाखांचे गिऱ्हाईक आले आहे. औसा तालुक्यात चार एकर रान, बटईने दिलेले. मुलगी पुण्यात. लातूरचा उन्हाळा आणि पाण्याची ओढाताण दोघांनाही नको झाली आहे. बाईंची, म्हणजे गुरुजींच्या पत्नीची, धाकटी बहीण फोंड्याला असते, म्हणून त्यांचा ओढा गोव्याकडे. गुरुजींना रत्नागिरी बरी वाटते. पणजीजवळ ताळगावचा फ्लॅट ७८ लाखांना, रत्नागिरीत नाचणे भागातला ४६ लाखांना सांगितला आहे. दोन्हीकडे पैसे कुठून आणायचे, तर लातूरचे घर विकून.

गुरुजी, तुम्ही दोन घरांच्या किमती शेजारी मांडल्या आहेत. मी घर घेतल्यावर हातात काय उरते ते मांडतो. घराचे ६५ आणि बँकेतले ३४, एकूण ९९ लाख. पणजीत मुद्रांक शुल्क, नोंदणी, किचन, पंखे, एसी धरून ८७ लाखांच्या आत सुटका नाही. उरले १२ लाख. ते सगळे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी टाकले तरी महिन्याला ८,२०० रुपये पडतात, आणि अडीअडचणीला हाताशी एक रुपया राहत नाही.

रत्नागिरीत ५१ लाखांत सगळे बसते. नोंदणी बाईंच्या नावाने केली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि नोंदणी शुल्क ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. उरतात ४८ लाख. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत (तीच कमाल मर्यादा), त्याचे महिन्याला २०,५०० पडतात, मिळतात मात्र दर तिमाहीला. १५ लाख दोघांच्या नावे पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत, ७.४ टक्क्यांनी ९,२५०. तीन लाख बचत खात्यात. हे दर सरकार दर तिमाहीला ठरवते, पण एकदा गुंतवल्यावर पाच वर्षे तोच दर राहतो. म्हणजे दोन शहरांत महिन्याला साडेएकवीस हजारांचा फरक आहे. तुमच्या पेन्शनच्या निम्म्याहून जास्त. गोव्यात वीज स्वस्त आहे, हे खरे. पण विजेच्या बिलातून ही तफावत भरून निघत नाही.

तेव्हा दोन्हींपैकी एक निवडायचेच असेल, तर माझे मत रत्नागिरीला. पण आज विकत घ्यायला तिथेही नाही.

तुम्ही दोन्ही शहरे दिवाळीच्या सुटीत पाहिलीत. तेव्हा कोकण कुणालाही आवडेल. लातूरला वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर, पणजीतही जवळपास तेवढाच, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. कपडे वाळत नाहीत, लोखंडी कपाट गंजते, भिंतीला ओल येते, गच्चीवर पत्र्याची शेड घालावी लागते. वर्षाची ज्वारी नि तूरडाळ भरून ठेवायची आपली पद्धत तिथे चालत नाही. श्रावणात डबा उघडला की बुरशीचा वास येतो. मे महिन्यात पारा लातूरसारखा चाळिशीपार जात नाही, पण अंगाला घामाची चिकचिक असते. बाईंच्या गुडघ्यांना ही हवा मानवते का, हे त्यांनी तिथे एक पावसाळा काढल्याशिवाय कळणार नाही.

पाण्याचेही पाहा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्याची धास्ती तुमच्या पत्रात दिसते आणि ती रास्त आहे. पण रत्नागिरी शहर शीळ धरणावर अवलंबून आहे, आणि एप्रिल-मे मध्ये तिथेही पाणीकपात होते. इमारतीला विहीर किंवा बोअर आहे का, मे महिन्यात टँकर लागतो का, हे बिल्डरला नको, खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला विचारा.

म्हणून माझा सल्ला असा: लातूरचे घर विकू नका, भाड्याने द्या. लातूर पॅटर्नमुळे नीट-जेईईची पोरे आणि त्यांच्यासोबत आलेले आईवडील दर जूनला खोल्या शोधत फिरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या वरच्या मजल्याला स्वतंत्र जिना आहे. शेजारच्यांना एका मजल्याचे ११,००० येतात असे तुम्हीच लिहिले आहे. दोन्ही मजल्यांचे २०,००० धरू, कारण एखादा महिना रिकामा जाणारच. रत्नागिरीत तेवढाच फ्लॅट १२,००० भाड्याने मिळतोय, असे तुमच्याच पत्रात आहे. ३४ पैकी ३० लाख आजच ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. पेन्शन ३८,०००, व्याज २०,५००, लातूरचे भाडे २०,०००; त्यातून रत्नागिरीचे भाडे वजा जाता ६६,५०० रुपये. विकत घेतले तर हाच आकडा ६७,७५० होतो. सव्वा हजाराचा फरक, आणि औसा रोडची जागा तुमच्याच नावावर. बारा लाखांच्या आतल्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, त्यामुळे या सगळ्यावर तुमचा कर शून्य राहावा.

घर विकण्याच्या नफ्याला मात्र ही बारा लाखांची सूट नाही. तो कर वाचवायचा तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घ्यावे लागते. म्हणजे आधी विकले की घड्याळ सुरू होते आणि तुम्ही घाईने घर घेता. इसार देऊ नका म्हणालो ते यासाठीच: ताळगावचा इसार दिला की लातूरचे घर पडेल त्या भावात विकावे लागेल. विक्री सगळ्यात शेवटी. रत्नागिरीचे घर स्वस्त असल्याने नफ्याचा काही भाग उरलाच, तर सहा महिन्यांच्या आत भांडवली नफ्याच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत टाकता येतो, पाच वर्षांसाठी. तुमचे घर १९९९ सालचे आहे, त्यामुळे १२.५ टक्के कराचा हिशेब बरा की महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा, हे सीएकडून काढून घ्या.

आता बाईंच्या बाजूने. म्हातारपणी बहीण जवळ असणे याला पैशात मोल नाही, आणि त्यांची ही इच्छा मी हिशेबात दाबून टाकणार नाही. पण बहीण फोंड्याला आहे, पणजीला नाही. गोव्यातच जायचे ठरले तर फोंड्यालाच भाड्याने राहा. घरे पणजीपेक्षा स्वस्त, मंगेशी-शांतादुर्गा जवळ, मराठी बोलणारी माणसे भरपूर. दोन गोष्टी मात्र आधी ध्यानात घ्या. बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उत्तम आहे, पण गोव्याबाहेरच्यांना तिथे शुल्क पडते, आणि गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य योजना पाच वर्षे रहिवास असलेल्यांनाच मिळते. महाराष्ट्रात महात्मा फुले योजनेचे पाच लाखांचे कवच तुमच्यामागे आहे. रत्नागिरीत २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी मोठ्या आजाराला कोल्हापूर गाठावे लागते, हेही लपवत नाही. कुठेही जा, दोघांचा किमान दहा लाखांचा आरोग्य विमा आत्ता काढा. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते, ती मुदत आजपासून मोजली जाऊ द्या.

दुसरी गोष्ट गोव्यात विकत घेण्याची. तिथे लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात. विकणारा एकटा सही करून चालत नाही, जोडीदाराची सही लागते, आणि वारसाहक्काची जागा असेल तर सगळ्या वारसांचा निकाल झालेला असावा लागतो. तुमच्या एजंटाने पाठवलेल्या कागदांत मालकाच्या पत्नीचे नावच कुठे नाही. गाडीचेही लक्षात असू द्या, एमएच २४ ची गाडी बारा महिन्यांहून जास्त गोव्यात ठेवायची तर तिथे पुन्हा नोंदवावी लागते.

रत्नागिरीहून लातूर एकाच महामार्गावर आहे, रत्नागिरी-नागपूर, कोल्हापूर-सोलापूर-तुळजापूर मार्गे. रानाकडे येणे-जाणे राहील आणि एसटीत बाईंना अर्धे तिकीट. ई-पीक पाहणीचा (सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायचा) फोटो बटईदाराला त्याच्या मोबाईलवरून काढायला आत्ताच शिकवून ठेवा.

मे महिन्याच्या शेवटी सामान हलवा, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारात पाऊस आणि उन्हाळा दोन्ही येतील. त्याच सुमारास लातूरची भाडेकरू पोरे येतात. पुढच्या मार्चमध्ये मला पुन्हा लिहा, सोबत त्या वर्षाचा महिन्याचा खर्च, वीजबिल नि औषधांसकट. बाईंचे मत त्यांच्याच हाताने लिहून पाठवा.