गुलाल तेवढा उधळू नकोस

पोरी,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. फेलोशिपची निम्मीच वाढ पदरात पाडून सही केली म्हणून तुमच्या कमिटीतलीच पोरं तुला गद्दार म्हणतायत, आणि तू राजीनामा लिहून तयार. वर मलाच ग्रीसच्या अर्थमंत्र्याचा, वारुफाकिसचा दाखला देतेस, बघा कसा राजीनामा देऊन ताठ मानेने मोटरसायकलवर बसून निघून गेला. आधी हसलो, मग चिडलो, मग दुसरा चहा टाकला.

अगं, तो उठला त्या खुर्चीत कोण येऊन बसलं ते बघितलंस का कधी? अर्थशास्त्र तुझा विषय ना?

युक्लिड त्साकालोतोस. जन्म 1960, रॉटरडॅमचा, शाळा लंडनची, पैसेवाल्यांची, पुढे ऑक्सफर्ड, डॉक्टरेट तिथलीच, मग अथेन्सच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं अर्थशास्त्र शिकवलं. घराण्यातला एक जनरल ग्रीसच्या यादवी युद्धात कम्युनिस्टांविरुद्ध लढलेला आणि हा निघाला मार्क्सवादी. ग्रीक बोलला तरी उच्चार इंग्रजी, टाय नाही, चुरगळलेलं जाकीट. मोटरसायकल वगैरे काही नाही, त्यामुळे तुमच्या पोस्टरवर तो येणार नाही म्हणा.

5 जुलै 2015 ला कर्जात बुडालेल्या ग्रीसमधे सार्वमत झालं. बँका आठवडाभर बंद, एटीएममधून दिवसाला 60 युरो, पेन्शनर म्हातारे बँकेच्या दाराशी, आणि तरीही 61 टक्क्यांवर लोकांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटींना नाही म्हटलं. दुसऱ्याच दिवशी वारुफाकिस गेला आणि हा अर्थमंत्री झाला. 7 तारखेला ब्रसेल्सच्या बैठकीत याच्या हातातल्या हॉटेलच्या कागदाचा कुणीतरी फोटो काढला, त्यावर स्वतःलाच बजावून ठेवलेलं, विजयाचा तोरा नको. म्हणजे आपल्या भाषेत गुलाल नको. आणि हे जिंकून आलेल्या सरकारचा मंत्री लिहितोय हं, हरलेल्या नाही.

हरणं त्याच आठवड्यात आलं. 12 जुलैला सुरू झालेली शिखर बैठक 13 च्या सकाळपर्यंत, सतरा तास. जर्मन अर्थमंत्री शॉयब्ल यांच्याकडच्या कागदात तर ग्रीसला पाच वर्षं युरोबाहेर बसवायचीच भाषा होती. लोकांनी ज्याला नाही म्हटलं त्याहून कडक अटी गळ्यात पडल्या, 50 अब्ज युरोची सरकारी मालमत्ता विकायच्या फंडात, बदल्यात 86 अब्जांपर्यंत कर्ज. पार्लमेंटात 229 मतांनी पास, तेही विरोधकांच्या टेकूवर, कारण सिरिझा या त्यांच्याच सत्ताधारी डाव्या पक्षाचे तीसेक खासदार विरोधात गेले, वारुफाकिस त्यातलाच.

आणि त्या दिवशी हा माणूस सभागृहात काय म्हणाला? की सोमवारची ती सकाळ आयुष्यातली सगळ्यात अवघड, हे ओझं मी जन्मभर वाहणार, बरोबर केलं का माहीत नाही, पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. बस्स. ऐतिहासिक करार नाही, लढ्याचा पुढचा टप्पा नाही. हरलो असलो तर हरलो म्हणायचं आणि टेबलावर बसून राहायचं. दोन्ही एकदम जमवायचं असतं गं, एकेक तर कुणालाही जमतं.

मला नाही जमलं. ठाण्याच्या पट्ट्यातली कंपनी होती, नाव राहू दे. कंपनीला निम्मी माणसं काढायची होती, आम्ही युनियनवाल्यांनी घासाघीस करून काढायचा आकडा एकशे चाळीसवर आणला आणि व्हीआरएसच्या कागदावर मी सही केली. ती सही चूक नव्हती. आजही कुणी समोर बसवून हिशोब मागितला तर आकडे तोंडपाठ आहेत माझे, संप ताणला असता तर गेटलाच कुलूप लागलं असतं, शेजारच्या कंपनीत लागलंच की. पण गेट मीटिंगला मी काय केलं? हलगी बोलावली, गुलाल आणला, विजय म्हटलं. त्या एकशे चाळिसातल्या एकाच्या कपाळाला मी स्वतःच्या हाताने गुलाल लावला. त्याने बाहीने पुसला, बोलला काही नाही. माझ्याशी परत कधीच बोलला नाही. सही माफ केली असती त्याने, असं मला वाटतं. गुलाल नाही केला.

त्साकालोतोस देव आहे असं नाही म्हणत मी. 2016 ला सरकारी जमाखर्चातल्या, व्याज सोडून उरणाऱ्या शिलकीचं टार्गेट जीडीपीच्या अर्धा टक्का होतं, यांनी त्याच्या कितीतरी पट शिल्लक दाखवली, म्हणजे ज्या काटकसरीला शिव्या दिल्या तीच जास्त मन लावून केली, मध्यमवर्ग करांखाली पिचला, आणि 20 ऑगस्ट 2018 ला कर्जाचा कार्यक्रम संपला तरी 2019 ला लोकांनी घरी पाठवलं ते पाठवलंच. त्याआधी कर्जफेडीला मुदत वाढवून मिळाल्यावर एरवी टाय न घालणाऱ्या पंतप्रधान त्सिप्रासने टाय घातला होता, समारंभात. तो त्यांचा गुलाल. मला तो टाय तेव्हाही आवडला नव्हता.

आता तू म्हणशील, 2023 ला त्साकालोतोसनेही पक्ष सोडलाच की. सोडला. पक्षाध्यक्षपदाला उभा राहिला, नऊ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, नोव्हेंबरात बाहेर पडला आणि नव्या डाव्या गटात गेला. पण सही केल्यावर चार वर्षं त्याच खुर्चीत बसून, रोज शिव्या खाऊन, कागद निस्तरून मग. तू चार दिवसांत निघालीस!

राजीनामा नको. आणि उद्याच्या सभेत अर्धा विजय, पहिलं पाऊल असलं काही बोललीस तर मीच मागून हूट करीन. सरळ सांग, निम्मं मिळालं, निम्मं हरलो, सही माझी आहे. ओरडतील. ओरडू देत.

बाकी, तू पाठवलेल्या कराराच्या फोटोत तिसऱ्या कलमाची तारीख नीट दिसत नाहीये, वाढ कधीपासून लागू ते तिथेच आहे. सभेआधी मूळ कागद घेऊन घरी ये.